ध्रुवांवरचा कायदा कसा वाचावा: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या विद्यार्थ्यांसाठी पायरी पायरीने

विधी महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात ध्रुवप्रदेशांचं प्रकरण अगदी शेवटी असतं. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये तर अंटार्क्टिका आणि आर्क्टिक एकाच मथळ्याखाली चार-चार ओळींत संपवलेले दिसतात. वर्ष, ठिकाण, सदस्यसंख्या, पुढचा विषय. अशा वाचनाचा तोटा परीक्षेच्या हॉलमध्ये कळतो. ‘ग्रीनलंडजवळ खनिजं काढण्यावर बंदी आहे का?’ असा साधा प्रश्न आला की विद्यार्थी अंटार्क्टिकाची बंदी उत्तरेला नेऊन लावतो.

हा विषय पाठांतराचा नाही. समोर कोणतीही बातमी किंवा प्रश्न आला तरी तीन गोष्टी क्रमाने विचारायच्या: घटना कुठे घडली, काय केलं गेलं, आणि करणारा कोण, म्हणजे कोणत्या देशाचा नागरिक किंवा कोणत्या देशाचा झेंडा लावलेलं जहाज. या तिन्हींची उत्तरं मिळाली की लागू होणारा कायदा आपोआप पुढे येतो. सगळा मूळ मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो, त्यामुळे महागडं पुस्तक किंवा पुण्या-मुंबईचा क्लास नसला तरी काही अडत नाही. रोज तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत पाया पक्का होतो.

पायरी १: आधी नकाशा, मग करार

शक्यतो पृथ्वीगोल घ्या. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ध्रुव इतके ताणलेले असतात की त्यावरून काहीच कळत नाही. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अंटार्क्टिक कराराची हद्द ६० अंश दक्षिणेला सुरू होते. मधे ८१ अंशांचं अंतर, एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले तर जवळपास ९,००० किलोमीटर. उलट उत्तरेचं आर्क्टिक वृत्त ६६ अंश ३३ मिनिटांवर, म्हणजे आपल्यापासून सुमारे ५,००० किलोमीटरवर. अंटार्क्टिकात भारताचे संशोधन तळ चार दशकांपासून असले, तरी अंतराने आपल्याला आर्क्टिकच जवळ आहे.

आता दोन्ही टोकांचा आकार नीट पाहा. दक्षिणेला जमीन आहे: बर्फाखाली दडलेला सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा खंड, चारही बाजूंनी समुद्र, मूळचा रहिवासी कोणीही नाही. उत्तरेला समुद्र आहे. त्याचं क्षेत्रफळही साधारण तेवढंच, पण भोवती पाच देशांचे किनारे, आणि त्या किनाऱ्यांवर हजारो वर्षांपासून इन्युइट, सामी आणि इतर समाज राहत आले आहेत. या एका फरकातून पुढचा सगळा कायदा निघतो. दक्षिणेला मालक ठरलेला नाही, म्हणून खास करार करावा लागला. उत्तरेला जमिनीचे मालक ठरलेले आहेत आणि मधे समुद्र आहे, म्हणून तिथे मुख्यतः जगभरच्या समुद्रांचाच कायदा चालतो.

वहीत एक ओळ ठळक लिहून ठेवा: ६० अंश दक्षिण ही कायद्याची रेषा आहे, आर्क्टिक वृत्त ही भूगोलाची. आर्क्टिक वृत्त ओलांडलं म्हणून कोणताही एक करार आपोआप लागू होत नाही.

पायरी २: अंटार्क्टिक करार मुळातून वाचा

इथे घाई करू नका. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी सही केलेला आणि २३ जून १९६१ पासून अमलात आलेला हा करार अवघ्या १४ कलमांचा आहे. एका बैठकीत वाचून होतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका कागदावर सही करतात आणि एक अख्खा खंड लष्करी स्पर्धेतून बाहेर काढतात. विसाव्या शतकात अशी उदाहरणं फार थोडी.

पहिल्या वाचनात कलम १, ४, ५, ६, ७ आणि ९ एवढ्यांवर खुणा करा.

कलम १ म्हणतं, अंटार्क्टिका फक्त शांततेच्या कामासाठी. लष्करी तळ, कवायती, शस्त्रांच्या चाचण्या बंद. पण त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद संशोधनासाठी लष्कराची माणसं आणि साहित्य वापरायला परवानगी देतो. भारताच्या सुरुवातीच्या मोहिमांत नौदल आणि लष्कराचे जवान होते, ते याच आधारावर. ‘अंटार्क्टिकात सैनिक नेता येत नाही’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर ते चूक ठरेल.

कलम ५ अण्वस्त्रस्फोट आणि किरणोत्सारी कचरा टाकणं या दोन्हींवर बंदी घालतं. कलम ६ हद्द सांगतं: ६० अंश दक्षिणेच्या खालचा सगळा भाग, बर्फाच्या तरंगत्या मंचांसह, मात्र खुल्या समुद्रावरचे देशांचे हक्क अबाधित. कलम ७ सल्लागार देशांना (म्हणजे निर्णयाचा हक्क असलेल्या देशांना; त्यांच्याबद्दल पुढे कलम ९ मध्ये) निरीक्षक पाठवून कोणत्याही देशाचा कोणताही तळ केव्हाही तपासण्याचा हक्क देतं. एकमेकांवर विश्वास नसलेल्या देशांनी हे मान्य केलं, आणि माझ्या मते करार टिकला त्यात या कलमाचा वाटा मोठा आहे.

आता कलम ४. या प्रकरणाचा कणा हाच. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, चिली, फ्रान्स, न्यूझीलंड, नॉर्वे आणि ब्रिटन हे सात देश अंटार्क्टिकाच्या तुकड्यांवर हक्क सांगतात. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर एकमेकांवर चढलेले आहेत. अमेरिका आणि रशिया हे दावे मानत नाहीत, पण पुढे स्वतः दावा करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. आपल्याकडे बांधावरून भांडण कोर्टात गेलं आणि कोर्टाने ‘जैसे थे’ आदेश दिला की कोणाचीही नोंद खोडली जात नाही, कोणाची नवी चढत नाही, आणि मधल्या काळात कोणी नांगर फिरवला तरी त्यातून हक्क तयार होत नाही. कलम ४ ने नेमकं हेच केलं. जुने दावे सोडलेले नाहीत, मान्यही केलेले नाहीत. करार चालू असेपर्यंत नवा दावा नाही, जुन्याची वाढ नाही, आणि या काळातल्या कोणत्याही कृतीचा दाव्याला आधार नाही.

आता हे भारताला लावून पाहा. आपला ‘मैत्री’ तळ शिर्माकर ओअॅसिसमध्ये, म्हणजे बर्फ नसलेल्या उघड्या खडकाळ भागात आहे. तो भाग नॉर्वेच्या दाव्यात येतो. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘भारती’ तळ लार्समन हिल्सवर आहे; तो ऑस्ट्रेलियाच्या दाव्यात येतो. भारताने यांपैकी कोणत्याही देशाला जमिनीचा मालक मानलेलं नाही, भाडं दिलेलं नाही, आणि तळ बांधून स्वतःचा दावाही केलेला नाही. हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ते कलम ४ मुळे. हा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत न अडखळता सांगता येईपर्यंत पुढच्या पायरीला जाऊ नका.

कलम ९ मतदानाचं आहे. करारात सामील झालेल्या प्रत्येक देशाला निर्णयाचा हक्क मिळत नाही. मूळ बारा देश सोडून इतरांना अंटार्क्टिकात भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. मगच सल्लागार दर्जा मिळतो. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबर १९८३ रोजी सल्लागार सदस्य झाला. आज करारात पन्नासहून अधिक देश आहेत, पण सल्लागार २९ आणि निर्णय सर्वसहमतीने. २०२४ च्या मे महिन्यात कोचीत भरलेली ४६ वी सल्लागार बैठक याच व्यवस्थेची.

पायरी ३: माद्रिद प्रोटोकॉल, आणि २०४८ चा गैरसमज

१९५९ च्या करारात खनिजांबद्दल एक शब्द नाही. ती पोकळी भरायला १९८८ मध्ये वेलिंग्टनला खाणकामाचे नियम ठरवणारा एक करार तयार झाला. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया यांनी माघार घेतली आणि तो कधीच अमलात आला नाही. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदला पर्यावरण संरक्षणाचा प्रोटोकॉल झाला. तो १४ जानेवारी १९९८ पासून लागू आहे. त्याचं कलम ७ एका वाक्याचं आहे: वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित कोणतंही काम करायचं नाही.

वर्तमानपत्रांत आणि व्हिडिओंत सतत सांगितलं जातं की ही बंदी २०४८ मध्ये संपणार. ती संपणार नाही. कलम २५ उघडून स्वतः वाचा. तिथे एवढंच आहे की प्रोटोकॉल लागू झाल्यापासून ५० वर्षांनी कोणताही सल्लागार देश फेरविचार परिषद मागू शकतो. परिषद भरली तरी बदल सोपा नाही. तो अमलात यायला तीन चतुर्थांश सल्लागार देशांचं अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मान्यता, लागतं, आणि त्यात १९९१ साली सल्लागार असलेले सगळेच्या सगळे २६ देश असावे लागतात. शिवाय खाणकामाची पर्यायी, बंधनकारक व्यवस्था आधी उभी असल्याशिवाय कलम ७ हटवता येत नाही. भारत त्या २६ मध्ये आहे. म्हणजे दिल्लीने नाही म्हटलं तर या मार्गाने बंदी उठू शकत नाही. आपल्या देशाच्या हातात एवढी ताकद आहे आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ती माहीत नाही, याची मला खंत वाटते.

प्रोटोकॉलची परिशिष्टं तक्ता करून ठेवा: पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन, प्राणी-वनस्पतींचं रक्षण, कचरा, समुद्रप्रदूषण, संरक्षित क्षेत्रं, आणि नुकसानभरपाईच्या जबाबदारीचं सहावं. पहिली पाच लागू आहेत. सहावं २००५ मध्ये स्वीकारलं गेलं, पण पुरेशा देशांनी अजून अनुसमर्थन दिलेलं नाही. दुसऱ्या परिशिष्टातला एक तपशील हमखास लक्षात राहतो: परक्या प्रजाती नकोत म्हणून १ एप्रिल १९९४ पर्यंत खंडावरचे सगळे कुत्रे बाहेर काढायला लावले. गाड्या ओढणारे, मोहिमांच्या इतिहासात अजरामर झालेले कुत्रेही त्यातून सुटले नाहीत.

पायरी ४: दक्षिणेचा समुद्र

ही पायरी लहान आहे. माशांसाठी आणि क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवांसाठी १९८० चा कॅनबेरा करार आहे. त्याचं कार्यालय होबार्टला. त्याची हद्द सरळ ६० अंशांवर थांबत नाही, थंड आणि उबदार पाणी जिथे मिळतं त्या रेषेपर्यंत जाते. कारण हा करार एकेक मासा मोजत नाही, सगळी परिसंस्था मोजतो. याच करारातून २०१६ मध्ये रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र ठरलं. सीलसाठी १९७२ चा वेगळा करार आहे.

देवमाशांबद्दल एक निकाल मात्र पूर्ण वाचा: ऑस्ट्रेलिया विरुद्ध जपान, आंतरराष्ट्रीय न्यायालय, ३१ मार्च २०१४. ‘संशोधनासाठी’ म्हणून दिलेले शिकारीचे परवाने खरोखर संशोधनासाठी होते का, हे न्यायालयाने तपासलं आणि नाही असं ठरवलं. अभिरूप न्यायालयाची (मूट कोर्टची) तयारी करणाऱ्यांनी युक्तिवादाची मांडणी कशी असते ते या निकालातून शिकावं.

पायरी ५: उत्तरेला समुद्राचा कायदा

आता बाजू बदला. आर्क्टिकसाठी अंटार्क्टिकासारखा एकच व्यापक करार नाही. तिथला पाया म्हणजे १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार. भारताने त्याचं अनुसमर्थन १९९५ मध्ये केलं. अमेरिका त्यात सामील नाही, पण त्यातले बरेचसे नियम रूढ कायदा म्हणून मानते. ३२० कलमांचा हा करार सलग वाचायला बसू नका. कलम ३, ५७, ७६, ७७, ८७ आणि २३४ एवढी सुरुवातीला पुरेत.

कागदावर किनाऱ्याची एक रेषा काढा आणि बाहेर सरकत जा. १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, म्हणजे जवळजवळ पूर्ण सार्वभौमत्व. २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र: मासे आणि खनिजं किनारी देशाची, जहाजांना ये-जा मोकळी. त्यापलीकडे पाणी सगळ्यांचं, पण भूखंडमंच, म्हणजे पाण्याखाली पुढे गेलेला जमिनीचाच भाग, नैसर्गिकरीत्या पुढे गेलेला असेल तर समुद्रतळावरचा हक्क २०० मैलांपलीकडेही जाऊ शकतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, बातम्यांत मैल आणि सागरी मैल यांची सर्रास गल्लत होते, तिकडे लक्ष ठेवा.

उत्तर ध्रुवाचा वाद इथेच आहे. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखाली चार हजारांहून अधिक मीटर खोल तळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला. जगभर गाजावाजा झाला, पण कायद्याच्या दृष्टीने त्या झेंड्याला किंमत शून्य. किंमत आहे ती भूगर्भशास्त्राच्या पुराव्याला. लोमोनोसोव्ह ही पाण्याखालची पर्वतरांग रशियाच्या, ग्रीनलंडच्या की कॅनडाच्या भूखंडाचा नैसर्गिक भाग आहे, यावर रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा या तिघांनी आपापली मांडणी न्यूयॉर्कमधल्या भूखंडमंच मर्यादा आयोगापुढे ठेवली आहे. कलम ७६ मध्ये बाहेरची मर्यादा काढण्याच्या दोन रीती आहेत: किनाऱ्यापासून ३५० सागरी मैल, किंवा २,५०० मीटर खोलीच्या रेषेपासून पुढे १०० सागरी मैल. समुद्रतळावरची नुसती रांग असेल तर ३५० ला थांबावं लागतं. ती भूखंडाचाच नैसर्गिक घटक ठरली तर दुसरी रीत वापरता येते. म्हणून सगळे देश त्या रांगेतल्या खडकाचे नमुने काढत आहेत. आणि हा आयोग फक्त बाहेरच्या मर्यादेवर शिफारस करतो. दोन देशांचे दावे एकमेकांवर चढले तर हद्द त्यांनीच आपसात ठरवायची. नॉर्वे आणि रशियाने बॅरेंट्स समुद्रातली हद्द २०१० मध्ये अशीच ठरवली.

कलम २३४ खास बर्फाळ समुद्रासाठी आहे. वर्षाचा बराच काळ बर्फ असलेल्या आर्थिक क्षेत्रात प्रदूषण रोखण्यासाठी किनारी देश जादा नियम करू शकतो. रशिया आपल्या उत्तर किनाऱ्यालगतच्या उत्तर सागरी मार्गावर आणि कॅनडा आपल्या उत्तरेकडच्या बेटांमधून जाणाऱ्या वायव्य मार्गावर याचाच आधार घेतात. बर्फ वितळत गेला तर या कलमाचा पाया किती उरेल? यावर निबंध लिहायला घ्या, प्रबंधाचा विषय इथेच मिळेल.

जहाजांच्या सुरक्षिततेसाठी मात्र दोन्ही ध्रुवांना मिळून एक नियमावली आहे: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा पोलर कोड, १ जानेवारी २०१७ पासून लागू. जहाजाची बांधणी, खलाशांचं प्रशिक्षण, तेल आणि सांडपाणी हे सगळं त्यात येतं.

पायरी ६: स्वालबार्ड

नॉर्वेच्या उत्तरेला हा बेटसमूह आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला झालेल्या करारात त्यावर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं. तो १९२५ पासून लागू आहे, आणि त्यात एक अट आहे: करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना मासेमारी, शिकार, खाणकाम, व्यापार यांत नॉर्वेच्या नागरिकांइतकीच समान वागणूक. ब्रिटिश साम्राज्यातर्फे सही झाली तेव्हा भारताच्याही वतीने झाली होती. म्हणून यावल-रावेरच्या केळी उत्पादकाला किंवा शहाद्याच्या शिक्षिकेला स्वालबार्डमध्ये व्यवसाय करण्याचा हक्क शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाने दिलेला आहे, स्थानिक कायदे पाळून. स्वालबार्डसाठी नॉर्वे व्हिसा मागत नाही. पण विमानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातात, म्हणून जाता-येता दोन्ही वेळा चालेल असा शेंगेन व्हिसा लागतो. हा व्यावहारिक मुद्दा विसरून चालणार नाही.

भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून तिथल्या नी-ऑलेसुंडला आहे. दक्षिणेतल्या ‘मैत्री’शी तुलना करा: तिथे जमिनीचा मालक ठरलेला नाही, इथे ठरलेला आहे आणि त्याचे नियम पाळूनच आपण काम करतो. वाद एकाच गोष्टीचा आहे. समान वागणुकीची अट १२ सागरी मैलांपलीकडेही लागू होते का? नॉर्वे म्हणतं नाही. लाटवियाच्या एका कंपनीच्या खेकड्यांच्या प्रकरणात नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये नॉर्वे सरकारची बाजू उचलून धरली. इतर काही देशांना ती भूमिका मान्य नाही.

पायरी ७: बंधनकारक काय, नुसतं ठरलेलं काय

आर्क्टिक परिषद १९९६ च्या ओटावा घोषणेतून जन्मली. घोषणेतून, करारातून नव्हे. त्यामुळे परिषदेला कायदा करण्याचा अधिकार नाही आणि लष्करी सुरक्षेचा विषय तिच्या कक्षेबाहेर आहे. आठ सदस्य देश: कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे, रशिया, स्वीडन, अमेरिका. त्यांच्याबरोबर मूळनिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून टेबलाशी बसतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत वनहक्कांचं काम करणाऱ्यांनी ही रचना बारकाईने अभ्यासावी: मत नाही, पण पूर्ण सल्लामसलतीचा हक्क आहे. भारत मे २०१३ पासून निरीक्षक आहे. निरीक्षकाला मत नसतं.

परिषदेच्या छत्राखाली झालेले तीन करार मात्र सदस्य देशांवर बंधनकारक आहेत: शोध आणि बचाव (२०११), तेलगळती (२०१३), वैज्ञानिक सहकार्य (२०१७). परिषदेबाहेर २०१८ मध्ये मध्य आर्क्टिक महासागरातल्या मासेमारीचा करार झाला. तो २०२१ पासून लागू आहे. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरच्या खुल्या समुद्रात मासेमारी सुरू होण्याआधीच १६ वर्षं थांबवण्याचं त्यात ठरलं. भारत त्यात नाही. एखादा कागद हातात आला की शीर्षकाखाली पाहा: सह्या, अनुसमर्थन आणि ‘लागू होण्याची तारीख’ असं कलम आहे का? नसेल तर बहुधा ती नुसती घोषणा आहे.

पायरी ८: भारताचा स्वतःचा कायदा

आंतरराष्ट्रीय करार आपल्या न्यायालयांत सहसा आपोआप लागू होत नाही. संसदेला कायदा करावा लागतो आणि संविधानाचा अनुच्छेद २५३ त्यासाठी अधिकार देतो. अंटार्क्टिकाच्या बाबतीत हे काम भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ ने केलं. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर तो पूर्ण मिळतो. त्यापूर्वी आपल्या तळावर एखाद्याने गैरकृत्य केलं तर भारतीय कायदा कसा लावायचा, याला नीट चौकट नव्हती. अधिनियमाने पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि परवान्यांची पद्धत आणली. भारतीय मोहीम, भारतीय तळावरचं वास्तव्य, भारतात नोंदलेलं जहाज किंवा विमान, खनिजांचे नमुने घेणं, तिथल्या प्राणी-पक्ष्यांना इजा होऊ शकेल असं काम: या सगळ्याला समितीचा परवाना किंवा प्रोटोकॉलमधल्या दुसऱ्या देशाची लेखी परवानगी लागते. अणुस्फोटाला २० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान ५० कोटी रुपये दंड आहे. परवान्याशिवाय खनिजांसाठी खोदकाम केलं किंवा परकी प्रजाती नेली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि १० ते ५० लाख रुपये दंड.

निर्जंतुक न केलेली माती नेण्यालाही मनाई आहे. तापीकाठची काळी माती बुटाच्या तळाला चिकटते ती सहज निघत नाही, आणि त्या चिमूटभर मातीत बिया, बुरशी, सूक्ष्मजीव सगळं असतं. म्हणून मोहिमेवर निघालेल्या माणसाने कपडे, बूट, पिशव्यांचे कोपरे घासून स्वच्छ करणं ही कायद्याची गरज आहे.

हे फक्त वकिलांपुरतं नाही. वास्को-द-गामा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मोहिमा चालवतं, आणि शास्त्रज्ञांबरोबर मेकॅनिक, वेल्डर, सुतार, आचारी यांच्याही जागांच्या जाहिराती त्याच्या संकेतस्थळावर येतात. आयटीआय झालेल्या मुला-मुलींनी त्या पाहत राहाव्यात. भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला जाते.

पायरी ९: सराव

प्रत्येक प्रश्नाला तीन रकाने करा: कुठे, काय, कोण. मगच उत्तर लिहा.

पहिला प्रश्न. धुळ्याची एक भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी भारतीय मोहिमेतून शिर्माकर ओअॅसिसला गेली आणि आठवण म्हणून एक खडक घेऊन आली. कुठे: ६० अंश दक्षिणेच्या खाली. काय: खनिजाचा नमुना घेणं. कोण: भारतीय मोहिमेतली भारतीय नागरिक. उत्तर: २०२२ च्या अधिनियमाखाली परवाना हवा. नॉर्वेचा दावा इथे गैरलागू. का, ते अंटार्क्टिक कराराच्या कलम ४ च्या आधारे दोन वाक्यांत लिहा.

दुसरा. भारतीय झेंड्याचं मालवाहू जहाज रशियाच्या उत्तर किनाऱ्यापासून ८० सागरी मैलांवरून जात आहे आणि रशिया परवानगी मागतो. कुठे: रशियाचं अनन्य आर्थिक क्षेत्र. काय: ये-जा. कोण: झेंडा भारताचा. सागरी कायदा कराराच्या कलम ५८ आणि ८७ मधलं ये-जा करण्याचं स्वातंत्र्य एका बाजूला, २३४ दुसऱ्या बाजूला, पोलर कोड दोन्हीकडे. इथे एकच बरोबर उत्तर नाही. दोन्ही बाजू मांडा आणि आपली निवडा.

तिसरा. तळावर काम करणारा कर्मचारी हिमभेगेत पडून मेला, त्याच्या पत्नीने स्वतःच्या देशाच्या सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. असा खटला अमेरिकेत खरोखर झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवलं की कोणाचंच सार्वभौमत्व नसलं तरी त्या भरपाई कायद्यापुरता अंटार्क्टिका ‘परदेश’च आहे, आणि दावा फेटाळला. भारतीय न्यायालयापुढे असा दावा आला तर २०२२ चा अधिनियम कुठपर्यंत मदत करेल, ते कलमवार तपासा.

चौथा प्रश्न तुम्ही एकट्याने सोडवायचा. ग्रीनलंडच्या किनाऱ्यापासून २३० सागरी मैलांवर, समुद्रतळाखाली, एका भारतीय कंपनीला खनिजं शोधायची आहेत. परवानगी कोणाकडे मागायची? सुरुवात कलम ७६ आणि ७७ पासून करा, आणि माद्रिद प्रोटोकॉलचं पान बंद ठेवा.